गुणाकरराव एकदाचे बसले

“पहले भोजन,” बाबूलाल म्हणाले, “फिर भोंगा बंद.”

गुणाकरराव लग्नाच्या मांडवात हात जोडून उभे होते. मांडवाला लागून भिंत, भिंतीपलीकडे शाळेचा हॉल, आणि त्या हॉलमध्ये इंदूरहून आणलेले खाँसाहेब तंबोरे लावून बसलेले. बाबूलालच्या मांडवावरचा कर्णा नेमका हॉलच्या खिडकीकडे तोंड करून बांधला होता आणि त्यातून सिनेमाची गाणी अशी ओसंडत होती, की खाँसाहेबांनी एकदा कानावर हात ठेवला होता आणि एकदा कपाळावर.

“बाबूलालजी, भोजन मी मागाहून करतो. आधी तेवढा भोंगा...”

“लांजेवार साहब, बेटी की शादी है. दरवाजे पर आया आदमी भूखा जाए? आप बैठिए, मैं अभी बंद करवाता हूँ. आप उठे, तो समझो चालू.”

लाकडाचा ठेकेदार असलेला हा माणूस मनानं वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता आलं असतं. गुणाकररावांनी चपला काढल्या आणि वऱ्हाड्यांच्या पंगतीत मांडी घातली. कर्णा बंद झाला. भिंतीपलीकडून तंबोऱ्याचा आवाज यायला लागला, तेवढ्यात वाढप्यांनी पत्रावळ टाकली, पुऱ्या टाकल्या, आणि पंगतीत जो गलका उठला त्यात तंबोरा विरून गेला.

त्या दिवशी गुणाकररावांइतकं सावकाश बालाघाटात कोणी जेवलं नसेल. पुरीचा एकेक पापुद्रा सोडवून ते खात होते. हात धुतला की कर्णा सुरू होणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पंगत उठली, दुसरी बसली, गुणाकरराव तिथेच. वाढपी आला की म्हणायचा, “एक लड्डू और.” आणि भिंतीपलीकडून मधूनमधून सगळ्या हॉलची एकदम उठलेली दाद यायची, “वा! क्या बात है!” कशाला आली ते कळायचं नाही. एकदा तर दाद इतकी मोठी आली, की शेजारी जेवणाऱ्या नवरदेवाच्या मामांनी घास हातात धरून विचारलं, “उधर भी शादी है क्या?”

ते हॉलमध्ये परतले तेव्हा लोक चपला शोधत होते. सगळ्यांचे चेहरे न्हाऊन आल्यासारखे. सुनीतीबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, पदरानं डोळे टिपत बायकांच्या घोळक्यात उभ्या होत्या.

“कसं झालं?” गुणाकररावांनी विचारलं.

“कुठं होते तुम्ही?” त्या म्हणाल्या. “असा बहार राग आता होणे नाही.”

गुणाकररावांना एक मोठी ढेकर आली.

ही एकसष्ट सालच्या वसंत पंचमीची गोष्ट. त्या मैफलीची आठवण बालाघाटची मराठी माणसं अजून काढतात.

गुणाकर लांजेवार हे बांधकाम खात्यात हेडक्लार्क. उंचीला बेताचे, चष्मा जाड, चालणं नेहमी थोडं पुढं वाकून, जणू कोणी हाक मारली आहे आणि आता पोचलंच पाहिजे. छप्पन साली राज्यं नव्यानं बनली आणि बालाघाट भोपाळकडे गेलं, नागपूर मुंबईकडे. ऑफिसातले मराठी बाबू त्या दिवसांत बदलीच्या, बढतीच्या चिंतेत होते. गुणाकररावांची चिंता वेगळी होती. आता नागपूरहून गाणारे इकडे कशाला येतील? ते चिडले. कोणावर चिडावं ते न कळल्यामुळे त्यांनी दुसऱ्याच वर्षी शारदा संगीत मंडळ काढलं आणि स्वतः चिटणीस झाले.

गाण्याचं वेड त्यांना नागपुरातच लागलं होतं. शिकायला होते तेव्हा एका संध्याकाळी महालातल्या कुठल्याशा गल्लीतून जाताना वरच्या खिडकीतून एका बाईचा आवाज आला. ते थांबले. गाणं संपेपर्यंत भिंतीला टेकून उभे राहिले. बाईचं नाव रुख्माबाई आर्वीकर हे त्यांना खाली विडी ओढत बसलेल्या टांगेवाल्याकडून कळलं. त्या आवाजानं वरचा षड्ज लावला तेव्हा आपल्या पाठीमागची भिंत थरथरली, असं ते पुढं सांगत. सुनीतीबाई म्हणत, “भिंत नाही, तुम्ही थरथरले असाल.”

असा हा माणूस. त्यानं गावात मैफली आणल्या आणि त्यातली एकही ऐकली नाही.

ऐकायची नाही असं ठरवून नव्हे. दर वेळी काहीतरी व्हायचं. एका वर्षी ऐन गाण्यात तबल्याची पुडी फाटली, तेव्हा ते सायकल मारत भरवेलीला गेले आणि खाणीत कामाला असलेल्या पुनारामचा तबला मागून आणला. पुनाराम तबल्याबरोबर स्वतःही आला आणि पुढं मंडळाचा कायमचा तबलजी झाला, ही त्यातली चांगली गोष्ट. पण गुणाकरराव पोचले तेव्हा भैरवी सुरू होती.

सतारीच्या कार्यक्रमाला एका बड्या साहेबांच्या बाईसाहेब धाकट्या मुलीला घेऊन पुढच्या रांगेत बसल्या. आलापीतच मुलीनं भोकाड पसरलं. सतारिये थांबले. बाईसाहेबांनी इकडं तिकडं पाहिलं, आणि साहजिकच गुणाकरराव धावले. मुलीला कडेवर घेऊन हॉलबाहेरच्या चिंचेखाली फेऱ्या मारू लागले. ती त्यांच्या खांद्यावर झोपली. पायरीवर पाऊल ठेवलं की जागी व्हायची, चिंचेखाली आले की झोपायची. सतारीवरचा ‘झाला’, म्हणजे शेवटचं जलद वादन, बाहेर अगदीच ऐकू येत नव्हता असं नाही. पण मुलगी कानाशी घोरत होती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातले प्राध्यापक शरदचंद्र रस्त्यात भेटले. ते मंडळाचे उपाध्यक्ष. वय कमी, बोलणं जास्त.

“काय झाला वाजवला हो गुणाकरराव! अंगावर काटा आला. तुम्हाला कसा वाटला?”

“पोरगी जड होती,” गुणाकरराव म्हणाले आणि पुढं निघाले.

पहिल्या पहिल्यानं सुनीतीबाई घरी आल्यावर त्यांना सगळं सांगत. कुठल्या जागेला दाद गेली, कुठं बुवांनी तबलजीकडे पाहून हसून मान हलवली. त्यांना गाता येत नव्हतं, पण सांगता फार छान यायचं. गुणाकरराव जेवताना ऐकत आणि ऐकताना चिडत. “अन् मी कुठं होतो? मी कुठं होतो त्या वेळेस? पान आणाले गेलतो! त्या माणसाले एकशेवीस जर्द्याचंच पाहिजे होतं!” वर्षं गेली तशा सुनीतीबाई सांगेनाशा झाल्या. त्यांनी विचारलं की म्हणत, “चांगलं झालं.” बस.

एकोणसत्तर साली रुख्माबाई आर्वीकर बालाघाटला यायला तयार झाल्या.

बाईंनी गाणं जवळजवळ सोडलंच होतं. वय झालं होतं. गुणाकरराव नागपूरला पाहुण्यांकडे गेले असताना पत्ता काढून त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. बाईंच्या भाचीनं, शीलानं, दार उघडलं. आतून बाईच म्हणाल्या, “कोणी बोलावतंय ना अजून? मग जाऊ.” एकच अट होती. रात्रीचं गाणार नाही, सकाळी गाईन.

मंडळाच्या लोकांना ही निवड पटली नाही. “नाव तरी कोणी ऐकलं आहे का आता?” शरदचंद्र म्हणाले. “त्यापेक्षा गोंदियाचा ऑर्केस्ट्रा बोलवा. पोरं तरी येतील. आमच्या पोरांना मराठी धड बोलता येत नाही, त्यांना तोडी काय कळणार?”

“एवढी एक वेळ,” गुणाकरराव म्हणाले. “पुढं तुमच्या मनासारखं करा.”

मग त्यांनी घरी येऊन जाहीर केलं, “या वेळेस मी बसणार.”

सुनीतीबाई तांदूळ निवडत होत्या. “कुठं?”

“कुठं म्हणजे? सतरंजीवर. समोर. सारं शरदचंद्रांकडे देऊन टाकलं. माइक, चहा, पानसुपारी, हार, सारं. मी आता फक्त ऐकणार.”

“बरं.”

“बरं काय? तुले खरं नाही वाटत?”

सुनीतीबाईंनी एक खडा काढून बाजूला टाकला. “नाही वाटत.”

“काहून?”

“सांगू? राग येईल.”

“सांग ना.”

“तुम्हाले गाणं ऐकायचंच नसते. तुम्हाले पळायचं असते. कोणी म्हटलं पाहिजे, गुणाकररावांशिवाय पान हलत नाही. बस, तेवढ्यात तुमचं पोट भरते. तो बाबूलाल भोंगा बंद कराले तयार होता. तुमच्या जागी दुसऱ्या कोणाले बसवता नसतं आलं पंगतीत? महागूले बसवलं असतं तर तो आनंदानं जेवला असता. पण नाही. तुम्हीच पाहिजे.”

आठ वर्षांत ही गोष्ट गुणाकररावांच्या डोक्यात आली नव्हती. महागू म्हणजे हॉलचा चौकीदार. तो त्या दिवशी दारातच उभा होता आणि उपाशी होता.

“असं काहून बोलून राहिली तू?” ते शेवटी म्हणाले.

“काहून म्हणजे? तिकडं बायका नवऱ्याकडे पाहतात, दाद देताना. मी कोणाकडे पाहू? दाराकडे?”

एवढं म्हणून त्या सूप घेऊन आत गेल्या.

बाई शनिवारी दुपारच्या गाडीनं आल्या. गोंदियाहून येणाऱ्या त्या छोट्या गाडीच्या डब्यातून आधी शीला उतरली, मग गवसणीतला तंबोरा, मग बाई. गुणाकररावांच्या मनात त्या उंच होत्या. खाली उतरल्या तेव्हा त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हत्या. नऊवारी पातळ, पायात कापडी बूट, हातात पाण्याचा तांब्या.

मुक्काम घरीच होता. सुनीतीबाईंनी विचारलं, काय खाल? “मऊ भात अन् वरण,” बाई म्हणाल्या. “दात थोडे आहेत, त्यांना त्रास नको.” जेवण झाल्यावर त्या ओसरीवर आरामखुर्चीत बसल्या तेव्हा गुणाकरराव जवळ जाऊन उभे राहिले.

“मी तुम्हाले नागपुरात ऐकलं आहे. फार वर्षं झाली. महालात.”

“कोणाच्या घरी?”

“ते नाही माहीत. मी खाली गल्लीत होतो.”

“वर का नाही आलात?”

“बोलावलं नव्हतं.”

बाई हसल्या. मग गुणाकररावांनी त्यांना त्या षड्जाबद्दल सांगितलं, भिंतीबद्दलही सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“अन् ते पुन्हा ऐकायला बोलावलंत का मला?”

“हौ.”

“अहो बाबा, ते आता मलाच कुठं ऐकायला मिळते,” बाई म्हणाल्या आणि डोळे मिटून पडून राहिल्या.

रविवारी सकाळी हॉल भरला होता. नाव ऐकून नव्हे, रविवार होता म्हणून. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, ऑफिसातले सगळे, शाळेतले गुरुजी, काही हिंदी मंडळीही. शरदचंद्र छातीला फीत लावून दारात उभे. गुणाकरराव दुसऱ्या रांगेत मधोमध येऊन बसले. शेजारच्या ओव्हरसियरनं त्यांच्याकडे दोनदा पाहिलं. “तबियत ठीक है ना?”

“ठीक है.”

“नहीं, बैठे हो, इसलिए पूछा.”

बाईंनी तोडी सुरू केली आणि माइकनं शीळ घातली.

गुणाकररावांचा उजवा गुडघा आपोआप वर आला. त्यांनी तो हातानं खाली दाबला. माइकवाला तिथं होता, शरदचंद्र होते. शीळ वाढली, किंचाळली, थांबली. बाई थांबल्या होत्या त्या पुन्हा सुरू झाल्या. इतक्यात वीज गेली. पंखे हळूहळू बंद पडले, माइक मेला, आणि ऑक्टोबरचा उकाडा छतावरून खाली उतरला.

दारात शरदचंद्र दोन्ही हातांनी खुणा करत होते. गुणाकररावांना त्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होत्या. वीज मंडळात कोणाला गाठायचं, कोणाचं घर कुठं, हे सारं त्यांना पाठ होतं. सायकल बाहेरच होती. त्यांनी नजर बाईंच्या हातावर रोवली.

सतरंजीवरून कोणीतरी रांगत आलं. महागू.

“साहेब.”

“काय?”

“दूध नासलं जी.”

“मले नोको सांगू. शरदचंद्रांले सांग.”

“त्याहीनंच धाडलं. म्हणाले, लांजेवार साहेबाले इचार.”

“त्याहीले म्हण, मी घरी नाही.”

महागूनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. “हौ जी,” म्हणाला आणि रांगत परत गेला. गुणाकररावांनी नकळत डावीकडे नजर टाकली. सुनीतीबाई त्यांच्याकडेच पाहत होत्या. लगेच समोर पाहू लागल्या.

आता अडथळा कुठलाच उरला नव्हता. आता फक्त गाणं होतं. आणि गाणं वाईट होतं.

हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. इतकी वर्षं त्यांनी गाणं भिंतीपलीकडून, दारातून, चिंचेखालून ऐकलं होतं. समोर बसून ऐकताना काय काय दिसतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. बाईंच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या. श्वास पुरत नव्हता. गांधारावर आवाज घासत होता. वरचा षड्ज येण्याची वेळ झाली. गुणाकररावांचं सगळं अंग त्या एका जागेकडे झुकलं. बाईंनी हात वर नेला, आवाज त्यामागं निघाला, आणि मध्येच फाटला. फडकं फाटावं तसा. पुनारामनं ठेक्यावर मान खाली घातली.

मागं कोणी तरी खोकलं. कोणी तरी हसलं. मग हिंदीत, हलक्या पण स्वच्छ आवाजात, “ये किसको उठा लाए?”

गुणाकररावांना संताप आला. माइकवर आला, विजेवर आला, हसणाऱ्यावर आला, आणि मग, लाज वाटली तरी, बाईंवर आला. एवढ्या वर्षांनी एकदा बसलो तर हे? खाँसाहेब गात होते तेव्हा आम्ही लाडू खाल्ले आणि आज जागेवर बसलो तर हे ऐकायचं? मनातली ती खिडकीतली बाई कोणीतरी हात धरून उठवून नेली आणि तिच्या जागी ही थकलेली म्हातारी बसवली, असं त्यांना वाटलं. ठेवून घेतली असती ती खिडकी जशी होती तशी! कोणी सांगितलं होतं दारात जाऊन उभं राहायला?

ओव्हरसियर उठले. “जरा काम था,” असं पुटपुटले. त्यांच्यामागे दोन गुरुजी. मग एक पूर्ण रांग, एकमेकांच्या आधारानं, जशी माणसं दुसऱ्याच्या घरून निघताना उठतात. दारात चपलांची चाचपणी सुरू झाली. बाहेर मोकळ्यानं बोलणं ऐकू येऊ लागलं.

गुणाकररावांचे दोन्ही हात सतरंजीवर टेकले. उठावं, दाराशी जावं, हात जोडावेत, थांबा म्हणावं, बाईंचं वय सांगावं, नाव सांगावं, निदान दार तरी लोटून घ्यावं. हे त्यांना जमण्यासारखं काम होतं. आयुष्यभर हेच जमलं होतं. आणि तेवढ्यात बाईंची नजर रांगांवरून फिरली. उठणारा प्रत्येक माणूस त्यांना दिसत होता. कोण कशासाठी उठला हे त्यांना कुठून कळणार? तिथून पाहिलं तर पाठ ती पाठ.

गुणाकररावांनी हात परत मांडीवर घेतले.

तोडी संपली. हॉल अर्ध्याहून जास्त रिकामा झाला होता. बाईंनी तांब्यातलं पाणी घेतलं. शीला कानाशी वाकून काही म्हणाली, बहुतेक थांबू या असंच. बाईंनी मान हलवली आणि भैरवीतलं एक साधं पद धरलं. देवघरात म्हणतात तसलं. त्यात एक जागा होती, पंचमावरून वर जाऊन कोमल निषादाला नुसता हात लावून खाली यायचं. पहिल्या खेपेला ती निसटली.

“थांब रे,” बाई पुनारामला म्हणाल्या. समोरच्यांना म्हणाल्या, “थांबा हं. पुन्हा घेते.”

पुन्हा घेतली, पुन्हा निसटली. त्यांना खोकला आला, त्या हसल्या. तिसऱ्यांदा आणखी हळू घेतली. आता त्यांचं हॉलकडे लक्षच नव्हतं. डोळे बारीक करून म्हातारं माणूस सुईत दोरा ओवतं, टोक ओलं करतं, पुन्हा नेम धरून पुढं आणतं, चुकतं, पुन्हा आणतं, आणि त्याला घाई नसते. तसं चाललं होतं. गुणाकररावांचा राग कुठं गेला त्यांना कळलं नाही. त्यांचा श्वास त्या दोऱ्यासाठी थांबला होता. किती वेळा झालं ते त्यांनी मोजलं नाही. एका खेपेला दोरा आत गेला.

आवाज मोठा नव्हता. भिंत वगैरे काही हलली नाही. पण ती जागा लागली, आणि लागली हे बाईंना कळलं, पुनारामला कळलं, शीलाला कळलं, आणि गुणाकररावांच्या तोंडून “वा!” निघून गेलं. त्यांना स्वतःलाच दचकायला झालं, कारण हा शब्द त्यांनी जन्मात पहिल्यांदा वेळेवर म्हटला होता. त्यांनी डावीकडे पाहिलं. सुनीतीबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. या वेळी त्यांनी नजर काढून घेतली नाही.

पुढं गावात या मैफलीचं फार हसं झालं. “वो बुढ़िया वाला प्रोग्राम” असं तिचं नाव पडलं. मंडळाच्या बैठकीत शरदचंद्रांनी गंभीर चेहऱ्यानं मंडळाच्या नावलौकिकाचा प्रश्न उपस्थित केला. गुणाकररावांनी तिथल्या तिथं चिटणीसपद सोडलं, ते शरदचंद्रांनी घेतलं, आणि पुढच्या वसंत पंचमीला गोंदियाचा ऑर्केस्ट्रा येऊन गर्दी मावेनाशी झाली. गुणाकररावांना कोणी बोलवायला गेलं नाही, तेही गेले नाहीत. पण ते सगळं पुढचं.

त्या दिवशी भैरवी संपली तेव्हा जी थोडी माणसं उरली होती, त्यांना टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. शरदचंद्र हार घेऊन घाईघाईनं आले आणि तो गुणाकररावांच्या हातात देऊन म्हणाले, “तुम्हीच घाला. तुमच्या पाहुण्या.”

गुणाकरराव उठायला गेले आणि धपकन खाली बसले. दोन्ही पाय त्यांचे राहिलेच नव्हते. इतका वेळ मांडी घालून बसायची त्यांना सवय नव्हती. पुन्हा प्रयत्न केला, कंबरेपर्यंत उठले, पुन्हा बसले. हार हातात. शरदचंद्रांनी तोंड फिरवलं.

“अरे, काय कटकट आहे,” गुणाकरराव म्हणाले.

सुनीतीबाई पुरुषांच्या बाजूला आल्या. चार माणसांदेखत त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. “उठू नका,” त्या म्हणाल्या. “बसा.” आणि त्याही तिथंच सतरंजीवर बसल्या.

शीलाचा खांदा धरून बाई मंचावरून उतरल्या. एकेक पाऊल टाकत गुणाकररावांपर्यंत आल्या आणि “अगं आई” म्हणत त्यांच्यासमोर बसल्या.

“मुंग्या?”

“हौ.”

“चोळू नका, जास्त चढतात. अंगठे धरून बसा. माझे रोज होतात.”

त्यांनी मान पुढं केली. गुणाकररावांनी बसल्या बसल्याच हार घातला. मग पायाचे दोन्ही अंगठे धरून बसून राहिले. शीला तंबोऱ्याला गवसणी घालत होती. पुनाराम चहा आहे का म्हणून विचारायला गेला.

मागं महागूनं सतरंज्या गुंडाळायला सुरुवात केली होती. दाराकडून एकेक पट्टी गुंडाळत तो पुढं येत होता, आणि गुंडाळलेल्या जागी शाळेची फरशी उघडी पडत होती. शेवटच्या सतरंजीची वळकटी लोटत तो अर्ध्यापर्यंत आला आणि या तिघांपाशी थांबला. गुणाकररावांनी वर पाहिलं आणि एक हात टेकून उठायची धडपड केली.

“राहू द्या जी,” महागू म्हणाला. “होऊ द्या सावकाश.”

आणि वळकटीवर हात ठेवून तो उकिडवा बसून राहिला.